संधिसाधू फुप्फुस संक्रामणे, अर्भकांतील

निरोगी शरीरात सहसा रोग उत्पन्न न करणारे किंवा केवळ सौम्य रोग उत्पन्न करणारे सूक्ष्मजीव शरीराची रोगप्रतिकारक्षमता खालावली असता गंभीर रोग निर्माण करतात. अशा रोगांना ‘संधिसाधू संक्रामणे’ म्हणतात. दीर्घकाळ स्टेरॉइड औषधे घेणाऱ्या, एक वर्षाच्या आतील मुलांमध्ये अशी संक्रामणे पुष्कळदा फुप्फुसांत आढळतात. त्यांचे प्रमाण एकूण बालरोगांच्या मानाने अल्प आहे. परंतु त्यांची सुरुवात फसवी असते, वाढ जलद होते व निदानास विलंब झाल्यास ती बहुधा प्राणघातक ठरतात. त्यांपैकी काहींचा प्रतिबंध मात्र अगदी साध्या उपायांनी करता येतो. प्रस्तुत नोंदीत ‘स्टेरॉइड’ ही संज्ञा अधिवृक्क ग्रंथीच्या (वृक्काच्या म्हणजे मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीच्या) बाह्यकातील हॉर्मोनांसारखी क्रिया असलेल्या ग्लुकोकॉर्टिकॉइड औषधांपुरती वापरली आहे.

इतिहास : अमेरिकेतील मेयो क्लिनिक या संस्थेत फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये संधिवाताभ संधिशोथाच्या रुग्णास कॉर्टिसोन प्रथम दिले. या हॉर्मोनांसंबंधीच्या कार्याबद्दल हेंच, एडवर्ड केंडल व टाडेउश राइखश्टाइन यांना १९५० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पुढे काही वर्षांतच प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन व बीटामेथासोन ही अधिक प्रभावी कृत्रिम संयुगे प्रचारात आली. दाह कमी करण्याच्या त्यांच्या विलक्षण गुणाबरोबरच संक्रामणास वाट मोकळी करून देण्याचा त्यांचा दोषही लवकरच ध्यानात आला.

या विषयात ज्या सूक्ष्मजीवाचे महत्त्व सर्वाधिक आहे त्या न्यूमोसिस्टिसचा इतिहास अर्भकांशीच निगडित आहे. ब्राझीलमध्ये कार्लुस शागास यांनी १९०९ मध्ये तो पाहिला. परंतु तो ट्रिपॅनोसोम या आदिजीवाच्या जीवनचक्रातील एक अवस्था आहे, असा त्यांचा समज झाला. पॅरिसमधील देलानोए पतिपत्नींनी १९१२ मध्ये तो स्वतंत्र जीव असल्याचे दाखवून त्यास ‘न्यूमोसिस्टिस’ हे नाव दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास व त्यानंतर यूरोपातील अनाथालयांत आणि बालरुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या व कुपोषित अर्भकांमध्ये एका विशिष्ट प्रकारच्या फुप्फुसशोथाच्या (न्यूमोनियाच्या) साथी आल्या. चेकोस्लोव्हाकियातील योसेफ व्हानेक व ऑटो यिरोव्हेत्स यांनी १९५२ मध्ये या रोगाचा न्यूमोसिस्टिसशी संबंध प्रस्थापित केला. मानवात आढळणाऱ्या जातीस आता यिरोव्हेत्स यांच्याच नावावरून ‘न्यूमोसिस्टिस जिरोव्हेसाय’ म्हणतात. उंदरांना कॉर्टिकोस्टेरॉइडे दिली असता हा रोग प्रयोगशाळेत उत्पन्न करता येतो, असे जे. के. फ्रेंकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये दाखविले. आदिजीव मानला गेलेला हा जीव वस्तुतः कवक (बुरशी) आहे, हे रिबोन्यूक्लिइक अम्लाच्या अभ्यासावरून १९८८ मध्ये सिद्ध झाले.

अर्भकांमध्ये स्टेरॉइडांचा वापर : अर्भकास ही औषधे दीर्घकाळ द्यावी लागण्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत : (१) अर्भकीय आकडी (वेस्ट लक्षणसमूह) : हा बहुधा ३ ते १२ महिने वयात सुरू होणारा अपस्माराचा गंभीर प्रकार होय. इंग्लंडमधील डब्ल्यू. जे. वेस्ट या वैद्यांनी १८४१ मध्ये स्वतःच्याच मुलातील या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यावर पोष ग्रंथीचे एसीटीएच हॉर्मोन अथवा मोठ्या मात्रेत प्रेडनिसोलोन देतात. भारतात एसीटीएच महाग असल्याने व सर्वत्र मिळत नसल्याने प्रेडनिसोलोनचा वापर अधिक होतो. (२) अपवृक्कता : मूत्रातून प्रथिने निघून जाऊन अंगावर सूज येणारा हा विकार पहिल्या वर्षात विरळा आहे व त्या वयातील जन्मजात प्रकार स्टेरॉइडांना दाद देत नाही, तथापि वर्षाच्या आसपास सुरू झालेल्या काही प्रकारांत ती दिली जातात. (३) स्वप्रतिरक्षाजन्य रक्तविलयन, यकृतशोथ व फुप्फुसाचे काही आंतरालीय विकार. (४) अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांतील दीर्घकालिक फुप्फुसविकार. (५) रक्ताचा कर्करोग व इतर मारक अर्बुदे. यांत इतर कोशिकाविषारी औषधांचीही भर पडते. रक्तवाहिन्यांच्या जन्मजात अर्बुदांवर (लाल मसांवर) पूर्वी स्टेरॉइडे महिनोगणती देत असत; प्रोप्रॅनोलॉल या औषधाचा त्यांवरील उपयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून ती गरज पुष्कळ कमी झाली आहे.

जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धी या विकारात हायड्रोकॉर्टिसोन आयुष्यभर द्यावे लागते. परंतु तेथे शरीरात नसलेले हॉर्मोन शरीराच्या गरजेइतकेच भरून काढलेले असते. अशा मात्रेने रोगप्रतिकारक्षमता घटत नाही. ‘स्टेरॉइड’ या शब्दाच्या धास्तीने या मुलांचे औषध बंद करणे हेच त्यांच्या जिवावर बेतते. नेहमीच्या मात्रेत श्वासावाटे दिलेल्या स्टेरॉइडांचा धोकाही पोटात दिलेल्या औषधाच्या मानाने पुष्कळ कमी असतो.

अजाणता होणारा वापर : भारतीय परिस्थितीत वरील यादीइतकेच महत्त्व आणखी एका कारणास आहे. सर्दी, घरघर, कांजण्यांसारखे पुरळ किंवा लंगोटाच्या जागी आलेली लाली अशा किरकोळ तक्रारींसाठी बीटामेथासोनचे थेंब वा क्लोबेटासोलसारखे तीव्र मलम एकदा सुचविले जाते व पुढे तीच चिठ्ठी दाखवून किंवा चिठ्ठीवाचूनही आठवडेच्या आठवडे वापरले जाते. बीटामेथासोनची दाहशामक शक्ती हायड्रोकॉर्टिसोनच्या २५ ते ३० पट असते. दररोज ०·५ मिग्रॅ. बीटामेथासोन म्हणजे जवळजवळ ४ मिग्रॅ. प्रेडनिसोलोन होय, ५ किग्रॅ. वजनाच्या अर्भकास एवढी मात्रा रोज देणे ही पूर्ण अर्थाने स्टेरॉइड चिकित्साच ठरते. मलमाच्या बाबतीत नवजात अर्भकाच्या त्वचेचे क्षेत्रफळ वजनाच्या मानाने प्रौढाच्या सुमारे अडीच पट असते, त्वचा पातळ असते आणि लंगोटाखाली ती झाकलेली व ओलसर राहते. त्यामुळे औषध मोठ्या प्रमाणात रक्तात शोषले जाते. केवळ मलमाच्या दीर्घ वापराने कुशिंग लक्षणसमूह होऊन पुढे न्यूमोसिस्टिस व सायटोमेगॅलो व्हायरस यांच्या संक्रामणाने अर्भके दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

या लक्षणसमूहात चेहरा चंद्रासारखा वाटोळा होतो, गाल लालसर व फुगीर दिसतात, मानेवर व पोटावर मेद साचतो आणि भूक वाढते. मूल ‘चांगले बाळसे धरते आहे’ असा घरच्यांचा समज होतो व औषध गुणकारी वाटून चालूच राहते. खऱ्या बाळशात लांबी व वजन दोन्ही वाढतात, हातापायांचे स्नायू भरतात. स्टेरॉइडजन्य लठ्ठपणात वजन वाढते परंतु लांबीची वाढ मंदावते, हातपाय तुलनेने बारीक राहतात व अंगावर लव वाढते. हा भेद प्रत्येक अंगणवाडी व आरोग्य सेविकेस माहीत असणे उपयुक्त आहे.

विकृतिविज्ञान : फुप्फुसाचे रक्षण अनेक पातळ्यांवर होते. वायुकोशांतील महाभक्षी कोशिका श्वासावाटे आलेले कण व सूक्ष्मजीव गिळतात. रक्तातील उदासीनरागी श्वेत कोशिका दाहाच्या जागी धावून येतात. टी-लसीका कोशिका महाभक्षी कोशिकांना उद्दीपित करतात आणि बी-लसीका कोशिकांपासून प्रतिपिंडे तयार होतात. स्टेरॉइडे या प्रत्येक पातळीवर आघात करतात. कोशिकेच्या केंद्रकात शिरून ती दाहकारक संदेशद्रव्ये निर्माण करणाऱ्या जीनांचे कार्य मंद करतात. टी-लसीका कोशिकांची संख्या घटते, यौवनलोपी ग्रंथी आक्रसते आणि महाभक्षी कोशिकांची गिळलेले कवक वा क्षयाचे जंतू मारण्याची शक्ती कमी होते. उदासीनरागी कोशिका रक्तवाहिन्यांच्या भित्तींपासून सुटून रक्तात येतात व त्यांची गणना वाढलेली दिसते, परंतु ऊतकात शिरण्याची त्यांची क्षमता घटलेली असते. म्हणून रक्ततपासणीत श्वेत कोशिका भरपूर दिसल्या, तरी त्यावरून रुग्ण सुरक्षित आहे असे अनुमान काढता येत नाही.

अर्भकात या आघातास वयाची जोड मिळते. मातेकडून अपरेमार्गे (वारेतून) मिळालेली प्रतिपिंडे हळूहळू नष्ट होत जाऊन ३ ते ६ महिने वयात त्यांची पातळी नीचांकास पोहोचते; स्वतःची प्रतिपिंडे तेव्हा पुरेशी तयार झालेली नसतात. श्वासनलिका अरुंद असल्याने थोड्याशा स्रावानेही त्या बंद होतात. शिवाय बहुतेक सूक्ष्मजीवांशी अर्भकाची गाठ प्रथमच पडत असते; प्रौढात जुने, सुप्त संक्रामण पुन्हा जागे होते, तर अर्भकात ते पहिलेच असते. न्यूमोसिस्टिसचा पहिला संसर्ग निरोगी मुलांना साधारणपणे आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांतच होतो व तो लक्षणांवाचून किंवा साध्या सर्दीच्या रूपात निघून जातो. ज्या वयात हा संसर्ग अटळ असतो नेमक्या त्याच वयात अर्भकीय आकडीसाठी स्टेरॉइडे सुरू होतात, हा या रोगातील दुर्दैवी योगायोग होय.

धोका मात्रा व कालावधी या दोहोंवर अवलंबून असतो. दर किग्रॅ. वजनास दररोज २ मिग्रॅ. किंवा त्याहून अधिक प्रेडनिसोलोन १४ दिवस वा जास्त दिल्यास रोगप्रतिकारक्षमता लक्षणीय प्रमाणात घटली आहे असे मानतात. कमी मात्राही अनेक महिने चालल्यास, मूल कुपोषित असल्यास किंवा दुसरे प्रतिकारनाशक औषध चालू असल्यास धोकादायक ठरते.

संक्रामणाचे प्रकार : (अ) न्यूमोसिस्टिसजन्य फुप्फुसशोथ : वायुकोश फेसाळ द्रव्याने भरतात व रक्तात ऑक्सिजन जाण्यास अडथळा येतो. एचआयव्ही-बाधितांमध्ये हा रोग काही आठवड्यांत वाढतो, तर स्टेरॉइड घेणाऱ्यांत तो काही दिवसांतच उग्र रूप धारण करतो. पुष्कळदा स्टेरॉइडची मात्रा कमी करण्यास सुरुवात केल्यावर तो प्रकट होतो; दडपलेला दाह त्या वेळी उफाळून येतो, हे त्याचे कारण असावे.

(आ) व्हायरसजन्य : भारतातील बहुसंख्य प्रौढ स्त्रियांना सायटोमेगॅलो व्हायरसाचा संसर्ग पूर्वीच होऊन गेलेला असतो व तो दुधावाटे अर्भकास मिळू शकतो. निरोगी अर्भकास त्याची बाधा जाणवत नाही. म्हणून या भीतीने स्तनपान बंद करू नये. स्टेरॉइड घेणाऱ्या अर्भकात मात्र तो फुप्फुस, यकृत व आतडी यांना ग्रासू शकतो आणि अनेकदा न्यूमोसिस्टिसबरोबरच आढळतो. गोवर व कांजिण्या हे सर्वपरिचित रोगही येथे संधिसाधूप्रमाणेच वागतात. गोवरात पुरळ मुळीच न उठता महाकोशिकी फुप्फुसशोथ होऊ शकतो. कांजिण्यांत रक्तस्रावी पुरळ व फुप्फुसशोथ होतो. श्वसनमार्गाचे नेहमीचे व्हायरस, उदा., आरएसव्ही व ॲडिनोव्हायरस, अधिक दिवस रेंगाळतात.

(इ) क्षय : भारतात या मुलांच्या बाबतीत क्षयाचा विचार सदैव मनात ठेवावा लागतो. घरातील थुंकीत जंतू असलेल्या प्रौढाकडून संसर्ग होतो व तो फुप्फुसापुरता न राहता कंगुक्षय (राळ्याच्या दाण्यांसारख्या सूक्ष्म गाठी सर्वत्र होणारा क्षय) व मस्तिष्कावरणशोथ या रूपांत पसरतो. स्टेरॉइडमुळे ट्यूबरक्युलीन चाचणी खोटी नकारात्मक येते. [⟶ क्षयरोग].

(ई) कवकजन्य : ॲस्परजिलसाची बीजुके हवेत सर्वत्र असतात; बांधकामाची धूळ, भिजलेल्या भिंती व कुजका पाला येथे ती विपुल असतात. ती वायुकोशांत रुजल्यास कवकतंतू रक्तवाहिन्यांत शिरून ऊतकाचा मृत्यू घडवितात. म्यूकर वर्गातील कवके याच रीतीने परंतु अधिक वेगाने पसरतात. कँडिडा बहुधा तोंडात पांढरे चट्टे उत्पन्न करते. तिच्यामुळे होणारा फुप्फुसशोथ विरळा असून तो रक्तावाटे होतो.

(उ) सूक्ष्मजंतुजन्य : न्यूमोकॉकस, स्टॅफिलोकॉकस, क्लेब्सिएला व स्यूडोमोनस यांचे संक्रामण संख्येने वरील सर्वांहून अधिक असते. नोकार्डिया क्वचित आढळतो व त्याचे स्वरूप क्षयासारखे भासते.

लक्षणे : सामान्य फुप्फुसशोथात ताप, खोकला व अस्वस्थता ही लक्षणे मातेस सावध करतात. स्टेरॉइडे ताप दडपतात, दाह कमी असल्याने खोकलाही थोडाच येतो. त्यामुळे ‘ताप नाही, म्हणजे विशेष काही नाही’ हा नेहमीचा ठोकताळा येथे चुकतो. सर्वांत विश्वसनीय लक्षण म्हणजे श्वासाची वाढलेली गती होय. मूल शांत असता पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, २ ते १२ महिने वयात ५० किंवा अधिक आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास हे जलद समजतात. दूध ओढताना मध्येच थांबणे, ओढण्यास नकार देणे, कपाळावर घाम, नाकपुड्या फुलणे, छातीचा खालचा भाग आत खेचला जाणे, कण्हणे व ओठ निळसर पडणे ही लक्षणे क्रमाने गांभीर्य दर्शवितात. न्यूमोसिस्टिसमध्ये श्वसनश्रावकाने छाती जवळजवळ स्वच्छ ऐकू येत असताना रक्तातील ऑक्सिजनची पातळी मात्र पुष्कळ खाली गेलेली असते. ही विसंगती निदानसूचक आहे. बोटास लावण्याच्या ऑक्सिजनमापकाने ती काही क्षणांत उघड होते.

निदान : क्ष-किरण चित्रात न्यूमोसिस्टिसमध्ये दोन्ही बाजूंस धुरकट छटा, ॲस्परजिलसमध्ये गाठी वा पोकळ्या, तर कंगुक्षयात बारीक ठिपके दिसतात, आरंभी चित्र प्राकृत असू शकते. संगणकीय छेदचित्रण अधिक संवेदनशील आहे. निश्चित निदानासाठी सूक्ष्मजीव प्रत्यक्ष दाखवावा लागतो. अर्भक थुंकी बाहेर टाकू शकत नाही; म्हणून सकाळी उपाशीपोटी जठरातून काढलेला द्रव, नाक-घशातील स्राव किंवा श्वासनलिकादर्शकाने फुप्फुस धुऊन मिळविलेला द्रव तपासतात. चांदीयुक्त रंजकाने न्यूमोसिस्टिसची आवरणे काळी रंगतात. पॉलिमरेज शृंखला विक्रियेने न्यूमोसिस्टिस व व्हायरस ओळखता येतात आणि क्षयाच्या जंतूबरोबरच रिफँपिसिनास असलेला त्याचा विरोधही काही तासांत कळतो. रक्तातील बीटा-डी-ग्लुकान व गॅलॅक्टोमॅनन यांची मोजणी कवकांच्या निदानास साहाय्यक ठरते. एकाच रुग्णात दोन किंवा अधिक सूक्ष्मजीव असू शकतात. एक सापडल्यावर शोध थांबवू नये.

मात्रा व कालावधी यांच्या मानाने संक्रामण फारच तीव्र असल्यास सर्व दोष स्टेरॉइडास न देता एचआयव्ही संसर्ग आणि जन्मजात प्रतिकारन्यूनता यांसाठी तपासणी करणे आवश्यक असते. स्टेरॉइडामुळे आक्रसलेली यौवनलोपी ग्रंथी क्ष-किरण चित्रात दिसत नाही आणि तीव्र संयुक्त प्रतिकारन्यूनतेतही ती दिसत नाही. पहिले कारण गृहीत धरल्याने दुसरे नजरेतून सुटू शकते.

चिकित्सा : अशा अर्भकास रुग्णालयातच ठेवावे लागते. ऑक्सिजन, द्रव व पोषण यांबरोबर सूक्ष्मजंतुविरोधी प्रतिजैव औषधे ताबडतोब सुरू करतात. न्यूमोसिस्टिसचा संशय बळकट असल्यास निदानाची वाट न पाहता ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्साझोल (को-ट्रायमॉक्साझोल) शिरेतून देतात. ट्रायमेथोप्रिमच्या हिशेबाने मात्रा दर किग्रॅ. वजनास दररोज १५ ते २० मिग्रॅ. असून ती विभागून व एकूण तीन आठवडे देतात. हे औषध सोसत नसल्यास पेंटामिडीन वापरतात. अर्भकांच्या साथींत त्याचा उपयोग हंगेरीत १९५८ मध्ये दाखविण्यात आला होता. सायटोमेगॅलो व्हायरसासाठी गँसिक्लोव्हिर, कांजिण्यांसाठी ॲसिक्लोव्हिर, ॲस्परजिलससाठी व्होरिकोनाझोल आणि म्यूकरसाठी अँफोटेरिसीन-बी ही औषधे देतात. म्यूकरमध्ये मृत ऊतक शस्त्रक्रियेने काढावे लागते. गोवरात अ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा लागोपाठच्या दिवशी देतात. क्षयाची चिकित्सा राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रमाच्या पद्धतीप्रमाणे करतात. रिफँपिसीन प्रेडनिसोलोनचे विघटन वाढविते, हे लक्षात घेऊन मात्रेत फेरफार करावा लागतो.

स्टेरॉइडचे काय करावे हा चिकित्सेतील नाजूक प्रश्न आहे. मूळ रोग अनुमती देईल त्या प्रमाणात मात्रा कमी करणे इष्ट असते. परंतु काही आठवडे औषध घेतलेल्या अर्भकाच्या अधिवृक्क ग्रंथी सुप्त झालेल्या असतात. संक्रामणाच्या ताणात शरीरास अधिक हॉर्मोनाची गरज असताना औषध एकदम तोडल्यास रक्तदाब व रक्तशर्करा घसरून मृत्यू येऊ शकतो. म्हणून अशा वेळी ताणास पुरेसे हायड्रोकॉर्टिसोन देऊन नंतर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवितात. घरी आईने मलम वा थेंब स्वतः होऊन एकाएकी बंद करणेही त्याच कारणास्तव धोक्याचे आहे.

प्रतिबंध : (१) अनावश्यक स्टेरॉइड टाळणे हा पहिला उपाय होय. ही औषधे नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीवरच विकावीत असा नियम असून अनेक स्टेरॉइडयुक्त मलमांसही तो २०१८ मध्ये लागू करण्यात आला. आवश्यक तेथे किमान मात्रा किमान काळ द्यावी.

(२) दीर्घकाळ मोठी मात्रा देणे अटळ असल्यास को-ट्रायमॉक्साझोल प्रतिबंधक म्हणून द्यावे काय, याचा निर्णय चिकित्सेच्या आरंभीच घ्यावा. अमेरिकेत वॉल्टर ह्यूझ व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत कर्करोगाच्या मुलांपैकी औषध न मिळालेल्या ८० मुलांत १७ जणांस न्यूमोसिस्टिसजन्य फुप्फुसशोथ झाला. औषध मिळालेल्या ८० मुलांत एकासही झाला नाही. आठवड्यातून तीन दिवस दिले तरी ते पुरेसे होते. नवजात अर्भकात सल्फा औषधांनी कावीळ मेंदूपर्यंत पोहोचण्याचा संभव असल्याने पहिल्या चार ते सहा आठवड्यांत ते देत नाहीत. जी-६-पीडी या एंझाइमाची न्यूनता असल्यासही ते टाळतात.

(३) स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी घरात दीर्घकाळ खोकणारी व्यक्ती आहे काय, याची चौकशी करावी. क्षयरुग्णाच्या सहवासातील अर्भकास रोग नसल्याची खात्री करून आयसोनियाझिड प्रतिबंधक म्हणून देतात.

(४) मोठ्या मात्रेची चिकित्सा चालू असताना व ती थांबल्यावर निदान एक महिना जिवंत जंतूंच्या लशी (बीसीजी, तोंडावाटे देण्याची पोलिओ लस, रोटाव्हायरस, गोवर-रुबेला) देत नाहीत. मृत वा अंशरूप लशी, उदा., घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वात, न्यूमोकॉकस, इन्फ्ल्यूएंझा व टोचण्याची पोलिओ लस, वेळापत्रकाप्रमाणे अवश्य द्याव्यात. गोवराच्या रुग्णाशी संपर्क आल्यास सहा दिवसांच्या आत प्रतिरक्षा-ग्लोब्युलीन टोचतात.

(५) घरातील इतर मुलांचे लसीकरण पूर्ण करणे, हात धुणे, धूर व धूळ टाळणे, केवळ स्तनपान चालू ठेवणे आणि घरी बांधकाम चालू असल्यास अर्भकास अन्यत्र हलविणे हे उपाय सर्वांच्या आवाक्यातील आहेत.

महाराष्ट्रातील परिस्थिती : स्टेरॉइडे व संधिसाधू कवके यांचा संबंध महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोठ्या प्रमाणावर अनुभवला. कोविड-१९ च्या दुसऱ्या लाटेनंतर मुख्यतः मधुमेही प्रौढांत म्यूकरजन्य रोगाची साथ आली. जूनअखेरपर्यंत देशात ४० हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले व त्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा होता. ते रुग्ण अर्भके नव्हती. पण योग्य औषध अयोग्य मात्रेत वा अवास्तव काळ दिल्यास काय घडते, याचा तो धडा होता. पुढच्याच वर्षी, २०२२ च्या उत्तरार्धात, मुंबईतील गोवंडी परिसर, भिवंडी व मालेगाव येथे गोवराचे उद्रेक झाले आणि त्यांत लहान मुलांचे मृत्यू झाले. स्टेरॉइड घेणाऱ्या अर्भकास गोवराची लस देता येत नाही. त्याचे संरक्षण शेजारच्या मुलांनी घेतलेल्या लशीवरच अवलंबून असते.

वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीत हे सर्व घटक एकत्र येतात. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या गंगापूर तालुक्यातील, पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव १९८५ मध्ये तेथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यानंतर झपाट्याने वाढले व भोवती कामगार वस्त्या उभ्या राहिल्या. भाड्याच्या एक-दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबात खोकणारा प्रौढ व तान्हे मूल यांच्यात अंतर ठेवणे अवघड असते. नवी बांधकामे सतत चालू असतात. पाळीचे काम बुडू नये म्हणून जवळच्या औषध दुकानातून थेंब आणण्याकडे ओढा असतो. तज्ञ चिकित्सेसाठी शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे (स्थापना १९५६) रुग्णालय, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील ‘घाटी’, हाच मराठवाड्यातील पुष्कळ कुटुंबांचा आधार आहे. मराठवाड्यातील ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे हंगामात काही महिने गावाबाहेर असतात. त्या काळात चालू औषध संपणे, एकाएकी तुटणे किंवा मात्रा कमी करण्याची तारीख हुकणे सहज घडते. अशा प्रत्येक अर्भकाबरोबर औषधाचे नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख, ‘एकदम बंद करू नये’ ही सूचना आणि श्वास मोजण्याची मर्यादा मराठीत लिहिलेले कार्ड देणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. अनोळखी गावी रात्री भेटलेल्या वैद्यास त्या एका कार्डावरून रोगाची दिशा कळू शकते.

पूर्वानुमान : रोग लवकर ओळखला गेल्यास व कृत्रिम श्वसनाची वेळ येण्यापूर्वी चिकित्सा सुरू झाल्यास बरीच अर्भके बरी होतात, श्वसन निकामी झाल्यानंतर, विशेषतः न्यूमोसिस्टिस व सायटोमेगॅलो व्हायरस एकत्र असल्यास, मृत्यूचे प्रमाण फार मोठे असते. बचावलेल्यांपैकी काहींत श्वासनलिका विस्फारणे अथवा फुप्फुसात तंतुमयता येणे असे दोष मागे राहतात. स्टेरॉइडे ही अनेक अर्भकांच्या दृष्टीने जीवनदायी औषधे आहेत व अर्भकीय आकडीत ती वेळीच देण्यावर मुलाची पुढील बौद्धिक वाढ काही अंशी अवलंबून असते. त्यामुळे त्यांना नकार देणे हा या प्रश्नाचा तोडगा नव्हे. ती कोणासाठी, किती व केव्हापर्यंत द्यावयाची हे आरंभीच ठरविणे आणि ती चालू असेतो मुलाच्या तापापेक्षा श्वासावर लक्ष ठेवणे, यांतच त्यांच्या सुरक्षित वापराचे सार आहे.